स्वखुशीने

लावण्या साक्कोट्टैच्या रस्त्यावर बँकेतल्या एका बाईंना गाडी मागे घ्यायला शिकवत होती, तेव्हा आरशात तिला रिक्षा दिसली आणि रिक्षातून उतरणारी आई दिसली. आईच्या मागोमाग वैनी. लावण्याने आपल्या बाजूचा ब्रेक असा दाबला की त्या बाईंचा चष्मा नाकावरून घसरला.

आई तिला एरवी भेटत नसे असं नाही. भेटे, पण चोरून. तिरुनागेश्वरम्‌च्या देवळात, राहुकाळाच्या अभिषेकाच्या गर्दीत, एका खांबाआड दोघी बसत आणि आई पदराखालून डबा काढून तिच्या हातात देई. लग्न झाल्यापासून हे असंच चाललं होतं. पण घरी, भर दिवसा, सुनेला सोबत घेऊन सरस्वतीबाई कधी आल्या नव्हत्या. 'वाणी ड्रायव्हिंग स्कूल' ही पाटी त्यांनी आज पहिल्यांदा पाहिली. नातीचं नाव वाचताना त्यांचे ओठ हलले.

त्या कशासाठी आल्यात हे लावण्याला ठाऊक होतं. कुंभकोणमात कुणाचं काय दुखतं ते लपत नाही. त्यातून तिचा भाऊ श्रीवत्स म्हणजे मोठ्या रस्त्यावरचा भांड्यांचा व्यापारी. गोविंदपुरम्‌च्या विठ्ठलमंदिरात तो भजनाला उभा राहिला की माणसं आपण होऊन मागे सरकून त्याला जागा देत. त्याच्या किडन्या निकामी झाल्यात, एक दिवसाआड तंजावरला डायलिसिसला जातो, आवाज पार बसलाय, हे तिने भाजीवालीपासून गाडी शिकायला येणाऱ्यांपर्यंत सगळ्यांकडून ऐकलं होतं. ऐकून ती आपल्या कामाला लागली होती.

सरस्वतीबाई ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांतल्या. त्यांनी घराची चौकशी केली, कोइंबतूरला शिकणाऱ्या वाणीची केली, अंगणातल्या मोगऱ्याचीही केली. मग एकाएकी म्हणाल्या, "त्याला पाणीसुद्धा मोजून देतो गं आम्ही. अर्धा पेला कॉफी दिवसाला. बाकी तहान लागली की बर्फ चोखत बसतो."

पुढचं नित्यावैनीने सांगितलं. तिचा स्वतःचा रक्तगट जुळत नाही. सासूबाईंचं वय झालं, वर साखर. सरकारी यादीत नाव घातलंय, पण वाट पाहून माणसं थकतात. सख्ख्या बहिणीचं जुळण्याचा संभव मोठा, असं डॉक्टर म्हणतात. नुसती तपासणी तरी करून बघ.

"जबरदस्ती कुणाचीच नाही," वैनी म्हणाली. "तुझी इच्छा."

हे दोन शब्द लावण्याने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. पुढे ते ऐकून ऐकून तिचे कान किटले.

त्या घराने तिच्या इच्छेचं नाव याआधी एकदाच काढलं होतं, आणि ते वेगळ्या सुरात. साक्कोट्टैच्या नटराजशी लग्न करणार असं तिने सांगितलं तेव्हा. नटराज तमिळ, जात वेगळी, धंदा लॉरी चालवण्याचा. तंजावरच्या मराठी राजांबरोबर आलेल्या आपल्या घराण्याचा वडिलांना, अप्पांना, कोण अभिमान. त्यांनी अंथरूण धरलं. लग्न नोंदवून ती नमस्काराला गेली, तर श्रीवत्स दारातच उभा. आत घेतलं नाही की ओरडला नाही. शांतपणे म्हणाला, "तुझ्या इच्छेने गेलीस ना? मग आजपासून तू मोकळी. आमचं तुझ्यावर काही नाही, तुझं आमच्यावर काही नाही." आणि दार लावलं. अप्पा गेले तेव्हाही तिला कुणी कळवलं नाही. फुलवाल्याकडून समजलं, तोवर अस्थी कावेरीत गेल्या होत्या.

सुरुवातीला ते वाक्य तिला जाळत राहिलं. मग हळूहळू त्याचीच तिला सवय झाली. मोकळी तर मोकळी. कुणाच्या मुंजीला जायला नको, कुणाच्या आजारपणात जागायला नको. तिने गाडी शिकून घेतली, नटराजला लॉरी सोडायला लावून स्कूल काढलं, अर्ध्या कुंभकोणमच्या बायकांच्या हातात स्टिअरिंग दिलं. मराठी तेवढी तोंडातून हळूहळू गेली. आईशी खांबाआड चार वाक्यं, वाणीशी थोडी, बाकी सगळं तमिळ.

तपासणीला ती हो म्हणाली ती आपलं जुळणार नाही या भरवशावर. जुळलं. रक्तगट जुळला, पुढचंही पुरेसं जुळलं. मग दिवसभराची लघवी कॅनमध्ये साठवून नेणं, स्कॅन, हृदयाची तपासणी, मनाच्या डॉक्टरशी बोलणं. प्रत्येक वेळी ती स्वतःला बजावे की अजून मी काही ठरवलेलं नाही. पण बाकीच्यांचं ठरून गेलं होतं. वर्षानुवर्षं रस्ता ओलांडून पलीकडे जाणारे नातेवाईक आता थांबून बोलू लागले. एक मावशी घरी येऊन तिच्या गालांवरून हात फिरवून गेली. सगळ्यांचं शेवटचं वाक्य एकच. तुझी इच्छा बाई, आम्ही कोण सांगणार.

एका शनिवारी तर कडेलोट झाला. गोविंदपुरम्‌च्या भजनात कुणीतरी माइकवरून जाहीर केलं की श्रीवत्सण्णांची बहीण त्यांना किडनी देते आहे, तिच्या या त्यागासाठी पांडुरंगाजवळ सर्वांनी प्रार्थना करावी. टाळ वाजले. त्याचा व्हिडिओ रात्रीपर्यंत तिच्या फोनवर चारी बाजूंनी येऊन पडला.

"मी हो म्हटलेलं नाही," ती नटराजला म्हणाली. "माझ्या तोंडचा हो यांनी टाळ वाजवून परस्पर म्हणून टाकला."

नटराज गाडीच्या सीटची कव्हरं झटकत होता. तो मनाने सरळ माणूस. म्हणाला, "देह तुझा आहे. तू जे ठरवशील त्याला मी आहे."

याचाही तिला संताप आला. आज कुणीतरी हात धरून म्हणावं, देऊ नकोस, किंवा म्हणावं, दे. मग भांडता तरी येईल. वाणीला फोन केला तर ती तिकडून फणकारली, की अम्मा, ज्यांनी तुला दाराबाहेर ठेवलं त्यांच्यासाठी पोट फाडून घेणार का, तुला कसलं बंधन आहे? तेही लावण्याला लागलं. बंधन नाही हेच तर अवघड झालं होतं. असतं, तर तोडून टाकता आलं असतं.

शेवटच्या तपासण्यांच्या वेळी डॉक्टर जानकीराम यांनी तिला एकटीला आत बोलावलं. नटराजलाही बाहेर बसवलं. मग त्यांनी सावकाश सांगितलं की तिच्यासारखी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली आहेत. घरच्यांना नाही म्हणता येत नाही, आणि हो म्हणवत नाही. अशा वेळी ते एक करू शकतात. प्रकृतीच्या कारणाने ही बाई दाता म्हणून चालणार नाही, एवढंच कळवायचं. कारण गुप्त राहतं. कुणी दोष देणार नाही.

"म्हणजे नाही मी म्हणायचं, आणि नाव माझ्या शरीराचं?" तिने विचारलं.

"तुमची त्यातून सुटका होते," डॉक्टर म्हणाले. "विचार करा."

घरी येईपर्यंत ती विचारच करत होती. दार किती सोपं उघडलं होतं! आई रडेल, पण नशिबाला. भजनातले लोक हळहळतील. ती पूर्वीसारखी मोकळी. पण जसजशी ती सुटका जवळ आली तसतशी ती अंगाला झोंबू लागली. नटराजशी लग्न करताना तिने उंबऱ्यावर उभं राहून, सगळ्यांच्या डोळ्यांत बघून आपलं म्हणणं सांगितलं होतं. आता या वयात खोट्या दुखण्याच्या पदराखाली लपून नाही म्हणायचं? नाहीच म्हणायचं तर ते अण्णाच्या तोंडावर म्हणेन, असं ठरवून ती दुसऱ्या दिवशी सकाळी माहेरच्या रस्त्याला लागली.

दार या वेळी उघडं होतं. श्रीवत्स पुढच्या खोलीत आरामखुर्चीत बसला होता. चेहरा काळवंडलेला, पायांवर सूज, दंडावरची नस दोरासारखी फुगलेली. शेजारी स्टीलच्या तांब्यात त्याचं दिवसभराचं पाणी. तिला पाहून तो उठू लागला, तिने हातानेच बस म्हटलं. मग तिनेच सुरुवात केली.

"अण्णा, सगळं गाव मला विचारून गेलं. तू का विचारत नाहीस?"

"कुठल्या तोंडाने विचारू?"

"ह्याच. मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. तू माग. मग मी काय ते सांगेन."

श्रीवत्सने मान हलवली. "नोक्को. मागणार नाही. मागितलं की तू बांधली जाशील. मी तुला मोकळी केली होती. तो शब्द मी मोडणार नाही."

लावण्याच्या डोक्यात सणक गेली. तिची मराठी अपुरी पडली, आणि पुढचं ती तमिळमध्ये बोलली. "तू मला मोकळं नाही केलंस. तू मला हाकललंस. मोकळी मी माझी झाले होते, तुझ्या दारात येण्याआधी. आणि अप्पा गेले ते मला फुलवाल्याने सांगितलं. तो कुठल्या शब्दातला भाग?"

तो क्षमा मागेल असं तिला वाटलं नव्हतं, तरी ती थांबली. श्रीवत्सने तांब्यातलं घोटभर पाणी घेतलं, तोंडात धरून ठेवलं, मग गिळलं.

"अप्पांनी माझ्याकडून वचन घेतलं होतं," तो म्हणाला. "तिला कळवायचं नाही, माझ्या चितेला तिचा हात लागता कामा नये. मी मुलगा. मी ते पाळलं. पुन्हा तसाच प्रसंग आला तर पुन्हा पाळेन. तुला बरं वाटावं म्हणून आज खोटं कसं सांगू? तुला हवं ते करायला तू होतीस. मला काय हवं ते त्या घरात कुणी विचारलं नव्हतं."

आतून वैनी कॉफी घेऊन आली. एक पेला भरलेला, एक अर्धा. लावण्याने आपला पेला तसाच ठेवला आणि ती उठली. क्षमा नाही, मागणं नाही. भिंतीवर डोकं आपटावं तसं झालं. नाही म्हणायला आली होती तेही राहूनच गेलं.

अरसलार नदीच्या पुलापलीकडे तिने गाडी बाजूला घेतली. नदीला पाणी कमी होतं. मागून बस भोंगे वाजवत गेल्या. नाही म्हणायला तिच्याकडे आता कालच्यापेक्षा जास्त कारणं होती. पण त्यातलं एकेक कारण उचलून पाहिलं तर त्याच्यावर अण्णाचाच शिक्का. त्याने अप्पांचा शब्द धरून दार लावलं. आता मी त्याचा शब्द धरून दार लावायचं? मग ते घर सोडून मी गेले तरी कुठे? आणि द्यायची तर का द्यायची? त्याच्याबद्दल प्रेम दाटून आलं होतं का? नव्हतं. दया? थोडी. तो घोट तोंडात धरून बसला होता तेवढ्यापुरती. पण एक गोष्ट तिला लख्ख दिसली. तो मेला आणि आपण धडधाकट राहिलो, तर उरलेला जन्म आपण त्या घोटाकडे बघत काढू. तसं जगायची तिची तयारी नव्हती. एवढंच. याला त्याग म्हणा, हट्ट म्हणा, काहीही म्हणा.

घरी जाऊन तिने नटराजला सांगितलं, मी देणार आहे. त्याने विचारलं, "नक्की?" ती म्हणाली, "मला आवडून नाही. पण नक्की."

हेच ती समितीपुढेही बोलली आणि घोटाळा झाला.

अवयव देणाऱ्याला कुणी भाग पाडत नाही ना, हे पाहायला इस्पितळात समिती बसते. लांबट टेबल, त्यामागे पाच-सहाजण, एका कोपऱ्यात कॅमेरा. मधोमध बसलेल्या निवृत्त अधिकाऱ्यांनी नातं विचारलं, धोके समजावलेत का विचारलं. मग त्यांच्या शेजारच्या बाई मऊ आवाजात म्हणाल्या, "तुम्ही हे स्वखुशीने करता आहात ना?"

सगळ्यांनी पढवून पाठवलं होतं. हो म्हणायचं, संपलं. लावण्याने कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"खुशी नाही," ती म्हणाली. "पण माझा निर्णय आहे."

"म्हणजे घरच्यांचा दबाव आहे?"

"दबाव सगळ्यांचाच आहे. त्यासाठी मी देत नाहीये. तो नसता तर मी केव्हाच ठरवलं असतं."

त्या बाईंनी चष्मा काढला. त्यांनी पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या वाटांनी तेच विचारलं आणि लावण्या पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिली. खुशी आणि निश्चय एकच नसतात, हे तिला सांगायचं होतं. पण ती जितकं खरं बोले तितका समोरच्यांचा चेहरा काळजीचा होई. शेवटी निकाल पुढे ढकलला. दात्याच्या मनात शंका आहे, पुन्हा समुपदेशन करावं.

व्हरांड्यात नित्यावैनीचा बांध फुटला. "एक हो म्हणायला काय झालं होतं गं तुला?"

"मी होच म्हटलं, वैनी," लावण्या म्हणाली. "त्यांना तो ओळखता आला नाही."

श्रीवत्सची प्रकृती त्या आठवड्यांत आणखी ढासळली. फुप्फुसात पाणी झालं, दोन दिवस अतिदक्षता विभागात काढावे लागले. गावात कुजबूज सुरू झाली की बहीण ऐन वेळी कचरली. डॉक्टर जानकीराम यांनी तिला पुन्हा बोलावून सांगितलं, की अजूनही तुम्ही बाजूला होऊ शकता. आणि द्यायचीच असेल, तर समितीला एक साधं वाक्य ऐकायचं असतं.

लावण्या खुर्चीत मागे रेलली. नाही म्हणायला खोटं बोलायची सोय, हो म्हणायला खोटं बोलायची सक्ती. खरं बोलायला या सगळ्या इमारतीत जागाच नव्हती.

दुसऱ्या खेपेला तिने केसांत फुलं माळली, रेशमी साडी नेसली. त्या बाईंनी विचारलं तेव्हा हसून म्हणाली, "हो मॅडम, स्वखुशीने. भाऊ आहे माझा." बाईंचे डोळे पाणावले. मंजुरी तिथल्या तिथे मिळाली.

शस्त्रक्रिया झाली. श्रीवत्सला किडनी मानवली. पहिल्यांदा पोटभर पाणी प्यायला तेव्हा म्हणे तो तांब्या छातीशी धरून बसला होता. लावण्याला उठायला वेळ लागला. डाव्या कुशीत ओढ बसे, खोकला आला की डोळ्यांपुढे अंधारी येई. आई रोज येऊन बसे, आता उघडपणे. भाताची पेज भरवता भरवता एकदा म्हणाली, "रक्ताचं नातं गं. तू देणारच हे मला माहीत होतं."

"मी 'नाही' म्हणू शकले असते, आई."

"तू कशी म्हणशील? तू आमची ना," सरस्वतीबाईंनी मायेने तिच्या तोंडात घास दिला.

लावण्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. हाकललं तेव्हा तिची इच्छा होती. दिलं तेव्हा रक्ताचं नातं. तिने आयुष्यात केलेली सर्वांत अवघड गोष्ट तिने केलीच नव्हती, ती आपोआप झाली होती, असं सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं होतं. भांडायलाही कुणी समोर उभं नव्हतं. सगळे प्रेमाने बोलत होते.

ती पुन्हा गाडीवर बसू लागली त्यानंतर एके दिवशी श्रीवत्स आला. एकटाच, तोंडावर मास्क, रिक्षा थोडी दूर थांबवून. स्कूलच्या पत्र्याच्या शेडखाली खुर्चीवर टेकला. रंग सुधारला होता. तिने काय हवं म्हणून विचारलं, तर म्हणाला काही नको. मग हातांकडे पाहत बोलला.

"तू नाही म्हणशील असं मला वाटत होतं. रोज वाटायचं. घरात त्यांना सांगून पाहिलं, तिला गृहीत धरू नका, ती 'नाही' म्हणू शकते, मी पाहिलंय. त्यांना पटलं नाही."

लावण्याने त्याच्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत तिला जे कुणाच्या तोंडून ऐकायचं होतं ते नेमकं या माणसाच्या तोंडून यावं, याचं तिला हसू आलं आणि रडूही.

"मग तेव्हाच का नाही बोललास? मी तुझ्यापुढे बसले होते."

"तेव्हा बोललो असतो तर ते मागणंच झालं असतं."

"मागायचं होतंस," ती म्हणाली. "मागणाऱ्याला नाही म्हणता येतं, अण्णा. न मागणाऱ्याचं काय करायचं?"

त्याने मास्क सारखा केला. मग म्हणाला, की शनिवारी घरी भजन आहे, आवाज अजून उघडला नाही तरी बसणार आहे, तू ये. आणि पुढे म्हणाला, "त्यांनाही घेऊन ये."

"त्यांना नाव आहे. आणि ते तिथे उभे आहेत. बोलावायचं तर तू बोलाव. तुझा निरोप मी नेणार नाही."

नटराज पलीकडे गाडीचं टायर बदलत होता. श्रीवत्स उठला, चपला घातल्या, रिक्षाकडे चालू लागला. नटराजजवळ पोचल्यावर त्याची पावलं अडली. दोघं काहीतरी बोलले, फार नाही. मग रिक्षा निघून गेली.

लावण्या तरातरा पलीकडे गेली. "काय म्हणाला?"

"येतो म्हणाला," नटराजने सांगितलं. "मी म्हटलं, या."

"एवढंच? शनिवारचं काही बोलला नाही?"

"नाही. पण पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलला."

तिला अशी चीड आली की तिने जवळचा पाना उचलून टायरावर आपटला. कुशीत कळ आली. नटराजने तिच्या हातातून पाना काढून घेतला आणि वजन उचलायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, याची आठवण दिली. ती म्हणाली, पाना म्हणजे काही वजन नव्हे. तोवर पुढच्या शिकाऊ बाई येऊन गाडीपाशी उभ्या राहिल्या होत्या.